कार्कासोनचं पुढचं एक्स्पान्शन कोणतं घ्यावं?

कार्कासोन या टाइल्स जोडत खेळायच्या बोर्ड गेमचा मूळ डबा घरात आला, पावसाळ्यातल्या काही संध्याकाळी त्यावर मजेत गेल्या, मुलं न सांगता डबा काढून मांडू लागली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता यात आणखी काय घालायचं? शोधायला बसलं की एक ते दहा क्रमांकांची मोठी एक्स्पान्शन्स, म्हणजे मूळ खेळात भर घालणारे जादा संच, दिसतात, त्यांच्याभोवती छोट्या छोट्या संचांचा घोळका असतो, आणि सगळं एकत्र भरलेला मोठा डबाही असतो. नवखा माणूस इथे गोंधळतो. मग एकतर सगळ्यात स्वस्त दिसेल ते घेतो, नाहीतर डब्यावर ड्रॅगन आहे म्हणून तो डबा उचलतो.

क्रमांकांना फार महत्त्व देऊ नका. ती एक्स्पान्शन्स साधारण कुठल्या क्रमाने बाजारात आली, एवढंच त्यावरून कळतं. चौथं घेण्याआधी तिसरं घ्यायलाच हवं, असं काही नाही. एक्स्पान्शन निवडायचं ते दोन गोष्टी बघून: आपल्या खेळात काय कमी पडतंय आणि आपल्या टेबलाभोवती कोण बसतं. गोव्यात आमच्यासारख्या अनेक घरांत एरवी तिघं-चौघं असतात आणि चवथीला घर भरतं. एकाच खेळाने या दोन्ही वेळा निभावून न्यायच्या असतील, तर निवड विचार करूनच करावी लागते.

पहिली पायरी: शेतकरी खेळता येतात का?

क्लाउस-युर्गन व्रेडे यांचा हा खेळ २००० साली जर्मनीत हान्स इम ग्ल्युक या प्रकाशनाने काढला. २००१ साली त्याला 'श्पील देस यारेस' हा तिकडचा मानाचा पुरस्कार मिळाला. दक्षिण फ्रान्समधल्या तटबंदीच्या कार्कासोन शहरावरून त्याचं नाव घेतलंय. मूळ खेळात ७२ टाइल्स, म्हणजे शहर, रस्ता, मठ, शेत यांची चित्रं असलेले पुठ्ठ्याचे चौकोन. एक टाइल उचलायची, आधीच्या टाइल्सना जुळेल अशी लावायची, हवं तर तिच्यावर आपला मीपल, म्हणजे माणसाच्या आकाराचा छोटा लाकडी तुकडा, ठेवायचा. रस्त्याला टाइलमागे एक गुण, पुऱ्या झालेल्या शहराला टाइलमागे दोन आणि त्यात चितारलेल्या प्रत्येक ढालीमागे दोन, चहूबाजूंनी वेढलेल्या मठाला नऊ. इथपर्यंत सगळ्यांना पटकन जमतं.

अडतं ते शेतात. आडवा पडलेला मीपल म्हणजे शेतकरी. तो खेळ संपेपर्यंत उठत नाही आणि त्याचं शेत ज्या पुऱ्या शहरांना लागून असेल त्या प्रत्येक शहराचे तीन गुण शेवटी देतो. पुष्कळ घरांत 'हे नंतर बघू' म्हणून शेतकरी वगळतात आणि मग ते वगळलेलेच राहतात. सुरुवातीला हे ठीक आहे. पण एक्स्पान्शन विकत घेण्याआधी काही डाव शेतकऱ्यांसकट खेळा. कारण पुढची दोन मोठी एक्स्पान्शन्स, ट्रेडर्स अँड बिल्डर्स आणि ॲबी अँड मेयर, शेतावर नवीन गोष्टी बसवतात. एकात डुक्कर येतं, दुसऱ्यात कोठार. शेताचा हिशेब कळत नसेल तर या लाकडी तुकड्यांचे पैसे फुकट जातात.

शेतकरी शिकवायची साधी युक्ती अशी: डाव संपल्यावर टाइल्स लगेच गोळा करू नका. एका शेतावर बोट ठेवून ते रस्त्याला, शहराच्या भिंतीला किंवा नदीला न ओलांडता कुठवर फिरतं ते सगळ्यांसमोर फिरवून दाखवा. आणि बोटाला वाटेत कुठली पुरी शहरं लागली ती मोठ्याने मोजा. दोन-तीन डावांनंतर आठ वर्षांचं मूलही शेत बघून मीपल आडवा करतं.

दुसरी पायरी: आधीच्या डब्यातच काय आहे?

पुष्कळांना ठाऊक नसतं की त्यांच्याकडे एक-दोन छोटी एक्स्पान्शन्स आधीच आहेत. २०१४ पासूनच्या नव्या आवृत्तीच्या मूळ डब्यात नदीच्या १२ टाइल्स आणि प्रत्येक रंगाचा एक ॲबट, म्हणजे मठाधिपती, बहुधा असतात. डबा नीट उलगडून बघा.

नदी आधी मांडतात. उगमाची टाइल पहिली, तळ्याची शेवटची, आणि मधल्या टाइल्स सगळ्यांनी आळीपाळीने लावायच्या. पाण्यात मीपल ठेवता येत नाही, पण त्याच टाइलवरच्या शहरात, रस्त्यावर, शेतात ठेवता येतो. याचा फायदा असा की खेळ पहिल्या क्षणापासून लांबवर पसरतो, सगळे एकाच कोपऱ्यात कोंडत नाहीत, आणि नदी शेतं दुभागते म्हणून एकच अवाढव्य शेत बळकावून कुणी अख्खा डाव नेत नाही. नवख्यांबरोबर खेळताना मी नदी लावतोच.

ॲबट मठावर किंवा बागेच्या चित्रावर बसतो. ज्या खेपेला तुम्ही दुसरा मीपल ठेवत नाही, त्या खेपेला त्याला उचलून तोवर झालेले गुण घेता येतात. मठात अडकून पडलेल्या मीपलकडे बघत बसणाऱ्या मुलांना हा नियम फार आवडतो. या दोन गोष्टी अजून खेळला नसाल तर आधी त्या खेळा.

तिसरी पायरी: वेळेचा आणि माणसांचा हिशेब

हा हिशेब कुणी करत नाही आणि नंतर 'खेळ लांबला' म्हणून डबा माळ्यावर जातो. एक टाइल म्हणजे एक खेळी. मूळ खेळात सुरुवातीची टाइल सोडून ७१ खेळ्या. प्रत्येक खेळीला अर्धं मिनिट धरलं तर पस्तीसेक मिनिटं. इन्स अँड कॅथेड्रल्स या पहिल्या मोठ्या एक्स्पान्शनच्या १८ टाइल्स घातल्या की ८९, आणि त्यावर ट्रेडर्स अँड बिल्डर्सच्या २४ घातल्या की ११३. अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने हा तासाभराचा डाव झाला. पण आपल्याकडे टाइल हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून बघणारं, मध्येच चहा कुणाला हवा ते विचारणारं माणूस प्रत्येक घरात असतं. खेळीला मिनिट लागलं की दोन तास.

माणसांचंही तसंच. दोघांत ८९ खेळ्या म्हणजे प्रत्येकाला पंचेचाळीसेक. डोकं लावायला भरपूर वाव. सहा जणांत त्याच ८९ खेळ्यांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पंधरा. बाकीचा वेळ बघण्यात जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. टाइल्स वाढतात त्या मानाने मीपल वाढत नाहीत. सात ते सातच, फार तर एखादा खास तुकडा जास्त. म्हणून तीन-चार एक्स्पान्शन्स एकत्र ओतली की मीपल संपून नुसत्याच टाइल्स लावत बसायची पाळी येते. एका डावात दोन मोठी एक्स्पान्शन्स, त्यावर नाही. हा माझा ठाम सल्ला आहे.

चौथी पायरी: पहिली खरेदी, इन्स अँड कॅथेड्रल्स

दहांपैकी आठ घरांना मी हेच सांगेन. २००२ साली आलेलं हे पहिलं मोठं एक्स्पान्शन आजही सगळ्यात सोपं आहे. यात १८ टाइल्स, प्रत्येक रंगाचा एक मोठा मीपल, आणि सहाव्या खेळाडूसाठी अख्खा नवा रंग. मूळ खेळ पाच जणांचा. चवथीला दुपारची जेवणं आटोपून, आरतीला अजून वेळ असताना, सहावा माणूस 'मी नुसता बघतो' म्हणत कडेला बसतो. त्याला आत घेता येतं, या एकाच कारणासाठी मोठ्या कुटुंबाने हा डबा घ्यावा.

पण खरी गंमत नियमांत आहे. तळ्याकाठी खानावळ असलेला रस्ता पुरा झाला तर टाइलमागे एकाऐवजी दोन गुण. पण खेळ संपेपर्यंत अपुरा राहिला तर शून्य. पाच टाइल्सच्या रस्त्याचे दहा, नाहीतर काहीच नाही. कॅथेड्रल शहरात बसतं. ते शहर पुरं झालं तर टाइलमागे आणि ढालीमागे तीन-तीन गुण. अपुरं राहिलं तर इथेही शून्य.

उदाहरण घ्या. सहा टाइल्सचं, दोन ढालींचं शहर. कॅथेड्रल नसेल तर पुरं झाल्यावर बारा आणि चार मिळून सोळा गुण, अपुरं राहिलं तरी आठ पदरात. त्यात कॅथेड्रल आलं की पुऱ्याचे चोवीस आणि अपुऱ्याचे शून्य. शिवाय कॅथेड्रलच्या टाइलला चारही बाजूंनी शहरच आहे, म्हणजे ती लावली की बंद करायच्या बाजू वाढतात. आता विचार करा, तुमच्या हाती कॅथेड्रल आलंय आणि पिशवीत शेवटच्या वीसेक टाइल्स उरल्यात. ते आपल्या शहराला लावायचं की समोरच्याच्या? कॅथेड्रल शत्रूच्या अर्धवट शहरात नेऊन बसवणं, हा या खेळातला सगळ्यात सभ्य हल्ला आहे. कुणाचा मीपल उचलला जात नाही, कुणाचे गुण हिसकावले जात नाहीत, पण समोरच्याच्या कपाळावर आठ्या येतात.

मोठा मीपल बहुमत मोजताना दोन मीपल म्हणून धरतात. गुण तेवढेच मिळतात, फक्त 'या शहरात कुणाचं वजन जास्त' एवढ्यापुरतं ते. सामायिक शहरात बरोबरीवर थांबलेला वाद हा मीपल मिटवतो. मुलं सुरुवातीला तो पहिल्याच टाइलवर ठेवून मोकळी होतात. त्यांना अडवू नका, एका डावात कळतं.

या डब्यात पन्नास-शंभर गुणांचे ठोकळेही येतात. गुण मोजायच्या पट्टीवर मीपल एक फेरा पूर्ण करून पुढे गेला की 'तुझी फेरी पहिली की दुसरी' हा जो वाद होतो, तो त्यामुळे कायमचा थांबतो.

पाचवी पायरी: दुसरी खरेदी, ट्रेडर्स अँड बिल्डर्स

माझं सगळ्यात आवडतं एक्स्पान्शन हे. तिघं-चौघं नेहमी खेळणारे असतील आणि सहाव्या माणसाची कधी गरजच पडत नसेल, तर इन्सच्या आधीही हे घ्यायला हरकत नाही. यात २४ टाइल्स, प्रत्येक रंगाचा एक बिल्डर आणि एक डुक्कर, मालाचे २० ठोकळे आणि एक कापडी पिशवी. पिशवी साधी दिसते, पण टाइल्स टेबलावर उलट्या पसरून ठेवण्यापेक्षा तिच्यातून काढणं कितीतरी सोपं.

माल तीन तऱ्हेचा: वाइनचे नऊ ठोकळे, धान्याचे सहा, कापडाचे पाच. शहराच्या काही टाइल्सवर या मालाची चित्रं आहेत. ते शहर जो बंद करतो, त्याला तो माल मिळतो. शहर कुणाच्या मालकीचं आहे याच्याशी संबंध नाही. शेवटी प्रत्येक मालात ज्याच्याकडे सर्वांत जास्त ठोकळे, त्याला दहा गुण.

या एका नियमाने टेबलावरची हवा बदलते. मूळ खेळात दुसऱ्याचं शहर कुणी पुरं करत नाही. उलट ते पुरं होऊ नये म्हणून झटतात. इथे मात्र माझी भाची माझ्या शहराचा शेवटचा तुकडा हातात धरून म्हणते, 'मामा, तुझं शहर मी करते पुरं, कापड माझं.' मला शहराचे गुण, तिला कापडाचे दोन ठोकळे, दोघंही खूश. आणि पुढच्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात येतं की पाचांपैकी तीन कापडं तिच्याकडे गेली आहेत, म्हणजे ते दहा गुण आता कुणीही तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही. ज्या घरात भांडणं नको असतात, धाकट्यांना मोठ्यांविरुद्ध जिंकायची खरी संधी हवी असते, तिथे यापेक्षा चांगलं एक्स्पान्शन नाही.

बिल्डर त्याच रस्त्यावर किंवा शहरात ठेवायचा जिथे आपला मीपल आधीच आहे. पुढे तो रस्ता किंवा शहर आपण टाइल लावून वाढवलं की लगेच आणखी एक टाइल काढायला मिळते. एका पाळीत एकदाच. दुसऱ्या टाइलनेही तेच शहर वाढवलं म्हणून तिसरी मिळत नाही. हा नियम आधीच सांगून ठेवा, नाहीतर हमखास वाद होतो. बिल्डर बहुमतात मोजत नाहीत. अनुभवी माणूस बिल्डर लांब, वळणाच्या रस्त्यावर ठेवून देतो आणि तो रस्ता मुद्दाम बंद करत नाही, कारण जितका रस्ता लांबेल तितक्या जादा पाळ्या. समोरच्याला तो रस्ता बंद करायची अक्कल येईपर्यंत डाव बराच पुढे गेलेला असतो.

डुक्कर आपल्या शेतकऱ्याजवळ शेतात ठेवायचं. मग शेताला लागलेल्या प्रत्येक शहराचे तीनऐवजी चार गुण. पहिल्या पायरीत शेतकऱ्यांवर एवढा जोर दिला तो यासाठी.

एक सावधगिरी. सहा जण बसले असतील त्या दिवशी बिल्डर बाजूला ठेवा. एकाच्या दोन-दोन पाळ्या होत राहिल्या की पाचवा-सहावा माणूस मोबाइल काढतो. त्या दिवशी फक्त इन्स पुरे.

सहावी पायरी: घरात कोण रुसतं?

प्रिन्सेस अँड ड्रॅगन (२००५) आणि टॉवर (२००६) ही दोन एक्स्पान्शन्स घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला मोकळेपणाने विचारा. डब्यावरच्या ड्रॅगनमुळे पहिलं पुष्कळ खपतं. त्यात ३० टाइल्स आहेत. ज्वालामुखीच्या टाइलवर ड्रॅगन येऊन बसतो, आणि ड्रॅगनच्या खुणेची टाइल निघाली की सगळे मिळून त्याला आळीपाळीने एकेक घर असं सहा घरं चालवतात. वाटेत येईल तो मीपल परत मालकाच्या हातात. परी ज्या मीपलजवळ असेल तो वाचतो. राजकन्येची टाइल शहराला जोडली की त्या शहरातल्या एका मीपलला बाहेर काढता येतं. जादूच्या दारातून उलट लांबच्या, आधी मांडलेल्या टाइलवर मीपल पाठवता येतो.

कॉलेजातली मुलं, थट्टामस्करीत वाढलेली भावंडं, हॉस्टेलवरचे मित्र यांच्यात हा खेळ धमाल होतो. पण ज्याने अर्धा तास खपून शहर उभं केलं आणि शेवटच्या तुकड्याआधी ड्रॅगनने मीपल उचलला, त्या सात वर्षांच्या मुलाला 'खेळच आहे रे' म्हणून समजूत पटत नाही. टॉवरमध्ये तर मनोऱ्याचे मजले चढवून समोरच्याचा मीपल पकडून ठेवायचा आणि तीन गुण देऊन तो सोडवून घ्यायचा, असा व्यवहार आहे. हिशेबी माणसं यात रमतात. आखणी करून खेळायला आवडणाऱ्यांनी या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

दोन्ही एकत्र तर नकोच. टेबलावर कुणाचा मीपल टिकत नाही आणि डाव रेंगाळत जातो.

सातवी पायरी: मुरलेल्या खेळाडूंसाठी

वर्षभर खेळून झालं, पहिली दोन पाठ झाली आणि दोघं किंवा तिघंच नेहमी बसता, तर ॲबी अँड मेयर (२००७) बघा. प्रत्येकाला मठाची एक स्वतंत्र टाइल मिळते. चारही बाजूंनी वेढलेल्या मोकळ्या जागेत, जिथे काहीच जुळत नाही, तिथेही ती बसते आणि आजूबाजूचं सगळं बंद करते. प्रत्येक डावात अशी एक कुलूप लागल्यासारखी जागा तयार होतेच. 'आता इथे कुठलीच टाइल बसणार नाही' म्हणून सोडून दिलेलं शहर शेवटी या टाइलने पुरं होतं, तेव्हा जो आनंद होतो तो सांगून कळणार नाही. नगराध्यक्षाचं वजन शहरातल्या ढालींइतकं. ढाल नसलेल्या शहरात तो निरुपयोगी. गाडी एक काम संपवून लागूनच असलेल्या अपुऱ्या रस्त्यावर किंवा शहरात सरकते. कोठार शेतांच्या चार टाइल्स जिथे कोपऱ्यात मिळतात तिथे उभं राहतं आणि शेतकऱ्यांचा हिशेब तिथल्या तिथे करून टाकतं. नियम जास्त आहेत, पण एकमेकांशी जुळून येतात.

हिल्स अँड शीप (२०१४) मला कुटुंबासाठी बरं वाटतं. मेंढपाळ शेतात बसतो, पिशवीतून मेंढ्या काढत राहायचं की थांबून गुण घ्यायचे हे आपण ठरवायचं. लांडगा निघाला तर सगळं गेलं. मुलं यात श्वास रोखून बसतात. ब्रिजेस, कासल्स अँड बझार्स (२०१०) मध्ये बाजाराची टाइल निघाली की टाइल्सचा लिलाव होतो, बोली गुणांत लागते. बोली लावायला आवडत असेल तरच घ्या. काउंट, किंग अँड रॉबरमध्ये अनेक छोटे संच एकत्र केलेत. सगळे नियम एका दिवशी लावू नका. अंडर द बिग टॉप (२०१७) सर्कशीचं. लहान मुलं असतील तर चित्रं आवडतील, खेळात फार भर पडत नाही. कॅटपल्टमध्ये टाइल्स लावायच्या खेळात तुकडे उडवून नेम धरायचा आहे. तो वेगळाच खेळ झाला. कुठे जुना डबा मिळाला तरी मी घ्यायला सांगणार नाही.

आठवी पायरी: विकत घेताना

खर्च करण्याआधी खेळून बघता येतं. बोर्ड गेम अरेना या ऑनलाइन खेळांच्या संकेतस्थळावर कार्कासोन आहे, मोबाइलवर अधिकृत ॲप आहे, आणि दोन्हीकडे काही एक्स्पान्शन्स खेळता येतात. निदान बिल्डर आणि कॅथेड्रल हात लावून बघा. संगणक गुण आपोआप मोजतो, त्यामुळे शेतांचा हिशेबही डोळ्यांना लवकर बसतो.

तुमचा मूळ डबा कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा. २०१४ साली चित्रं पूर्ण बदलली आणि २०२१ मध्ये पुन्हा नवी आली. जुन्या-नव्या टाइल्स एकत्र खेळता येत असल्या तरी टेबलावर दोन वेगळे देश दिसतात. पाठीमागच्या छटेत फरक असेल तर कुठली टाइल पुढे येणार तेही ओळखू येतं. अशा वेळी टाइल्स पिशवीतून काढा. नवीन डबा घेताना आपल्या टाइलचा फोटो आणि डब्यावरचं चित्र शेजारी ठेवून ताडून बघणं सगळ्यात सोपं.

मूळ खेळच अजून घेतलेला नसेल तर मोठ्या एकत्रित डब्याचा विचार करा. त्यात बहुधा मूळ खेळासोबत पहिली दोन मोठी एक्स्पान्शन्स आणि बरेच छोटे संच असतात. पण आवृत्तीगणिक आतला माल बदलतो, म्हणून डब्यामागची यादी वाचूनच घ्या. आणि तो घेतला तरी पहिल्या दिवशी फक्त मूळ खेळ आणि नदी काढा.

टाइल्सवर अक्षरं नाहीत. त्यामुळे जर्मन किंवा फ्रेंच आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी चालते, आणि इंग्रजी न वाचणारी आजीही बरोबरीने खेळते. नियम एकाने वाचून मराठीत सांगितले की झालं. परदेशातून थेट मागवत असाल तर टपालखर्च आणि आयात शुल्क धरूनच किंमत ठरवा. पुष्कळदा इथे महाग वाटलेला डबाच शेवटी स्वस्त पडतो.

फारच कमी किमतीत 'सगळी एक्स्पान्शन्स एकत्र' असं दिसलं तर नकली माल असण्याची शक्यता धरा. पातळ पुठ्ठा, फिकट छपाई, कापताना सरकलेल्या कडा, ही त्याची लक्षणं. अशा टाइल्स पिशवीत हात घातल्यावर जाडीवरूनच ओळखू येतात आणि खेळाचा सगळा विरस होतो. वापरलेला संच घेत असाल तर टाइल्स आणि मीपल मोजलेला फोटो आधी मागा.

नववी पायरी: पहिला डाव आणि पावसाळा

नवा डबा आला की आधी मोजा. इन्समध्ये १८ टाइल्स, ट्रेडर्समध्ये २४ आणि मालाचे २० ठोकळे. नव्या आवृत्त्यांत एक्स्पान्शनच्या टाइल्सवर बारीक खूण असते. ती सगळ्यांना दाखवून ठेवा, म्हणजे वेगळ्या करताना त्रास नाही. पहिल्या डावाआधी सगळे नियम सांगत बसू नका. नव्या टाइल्समधली एकेक तऱ्हा टेबलावर ठेवून 'ही आली तर असं' एवढंच सांगा. बाकीचं टाइल निघेल तेव्हा.

जागा मोठी लागते. दोन एक्स्पान्शन्ससह डाव चौघांच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेपर्यंत सहज जातो. जमिनीवर मांडत असाल तर चटईवर नको, कुणी पाय हलवला की अख्खं शहर सरकतं. सोप्यातली गुळगुळीत फरशी उत्तम. पंखा चालेल, पण नेवऱ्यांचं ताट लांब. तळणाचे हात लागलेली टाइल दिसते वेगळी आणि पुढे कायम ओळखू येते.

गोव्यातला पावसाळा पुठ्ठ्याचा वैरी. जून ते सप्टेंबर उघड्या फडताळात ठेवलेल्या टाइल्स फुगतात, कडांचे थर सुटतात आणि लाकडी मीपलवर बुरशी धरते. टाइल्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, प्रत्येक एक्स्पान्शन वेगळ्या पिशवीत, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुटांच्या, पर्सच्या डब्यांत येणाऱ्या पुड्या फेकू नका, त्या इथेच कामी येतात. मीपल दमट वाटले तर कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली सुकवा. टाइल्स मात्र उन्हात घालू नका, वाकतात. पुठ्ठ्याचा मूळ डबा कोरड्या जागी, भिंतीपासून थोडा दूर ठेवा. पावसात पार्सल आलं तर ते भिजलेलं नाही ना हे बघत, उघडतानाच फोनवर चित्रीकरण करा, आणि टाइल कमी किंवा ओली निघाली तर त्याच दिवशी विक्रेत्याला कळवा.